हाताचं माप

प्रिय वसंती,

‘प्रिय’ लिहिलं, कारण पत्राची सुरुवात दुसऱ्या कशाने करतात ते मला माहीत नाही. त्याचा तू काही अर्थ लावून घेऊ नकोस.

काल तुझी शर्मिळा येऊन गेली. स्कूटर फाटकाबाहेरच ठेवली, पायरीवर बसली. आत ये म्हटलं तर म्हणाली, “नको मामी, इथंच बरं आहे.” त्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नकोस, असं तू बजावून पाठवलं असणार. ती ताक प्यायली, दोन पेले, आणि वर लोणच्यातली कैरीची फोड मागून घेतली. हे तिने तुला सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते. मग पेला खाली ठेवून, पाठ केलेली कविता म्हणावी तसा तुझा प्रश्न एका दमात म्हणून टाकला. “मामी, तुम्ही आईविरुद्ध पंजुर्ली देवापुढे गाऱ्हाणं घातलंय का? घातलं असेल तर नेमोत्सवाच्या आत मागे घ्या.” पाच वर्षांनी तुझ्याकडून आलेलं हे पहिलं वाक्य, आणि तेही पोरीच्या तोंडून.

उत्तर देईन. पण माझ्या हाताच्या चालीने देईन. पंजुर्लीचा नेमोत्सव पुढच्या शनिवारी आहे, दिवस थोडे राहिलेत, हे शर्मिळाने मला दोनदा ऐकवलं. घाई तुला आहे, मला नाही. चौदा वर्षं मी तुझ्या एका वाक्याखाली काढली, तू माझी चार पानं वाचायला हरकत नाही. आणि थेट शेवटचं पान उलटू नकोस, शाळेत गोष्टीच्या पुस्तकाचं करायचीस तसं.

दिवसाला दहा-पंधरा ओळी होतात. जिथे अक्षर सरळ आहे ती सकाळ समज. जिथे ओळ खाली घसरत गेली आहे ती दुपार. एखादा शब्द अर्धाच राहिलेला दिसेल, तिथे मी पेन ठेवून दिलं आहे. ते अर्धे शब्द मी मुद्दाम खोडले नाहीत. माझ्या दुखण्याला नाटक म्हणणाऱ्या बाईने तेवढे तरी बघावेत.

‘जलजाला लिहायला-वाचायला मी शिकवलं,’ असं तू लोकांना सांगत असतेस. खोटं आहे. पाचवीतून माझं नाव काढलं, कारण आई गेली आणि घरात मल्लिगेची फुलं बांधायला हात हवे होते. तू दहावीपर्यंत गेलीस. दर वर्षी तुझी जुनी पुस्तकं तू मला द्यायचीस, मुखपृष्ठ फाटलेली, मधली पानं तुझ्या रेघोट्यांनी भरलेली. पुस्तकं तू दिलीस हे मान्य. वाचायला मी माझी शिकले, फुलं बांधता बांधता, पुस्तक पायाच्या अंगठ्याने उघडं धरून. पण एक गोष्ट तुझ्यामुळेच झाली, ती मी नाकारणार नाही. तुझ्या भावासाठी मला तूच मागितलंस. आमच्या ओट्यावर बसून तू माझ्या बापाला म्हणालीस, “मला वहिनी म्हणून दुसरी कुणी नको. ही आली तर मी माहेरी येईन, नाही तर येणार नाही.” तेव्हा तू माझी मैत्रीण होतीस. म्हणून तर राग जात नाही. परकीने केलं असतं तर एव्हाना मी विसरून गेले असते.

सासूबाई गेल्या तेव्हा त्यांच्याजवळ मी होते. तू कारकळच्या सासरहून दुपारी पोचलीस. सातव्या दिवशी त्यांची पेटी उघडली, किल्ली तूच त्यांच्या उशीखालून काढलीस. आत दोन साड्या, वेलदोड्यांची डबी, तांब्याचं भांडं, आणि गळ्यातल्या सोन्याच्या चक्रसराची लाल कापडी पिशवी. पिशवी रिकामी होती. आपल्यात आईचं सोनं लेकीला जातं. चक्रसर तुझाच होता, हे मी तेव्हाही म्हटलं, आजही म्हणते. तो कुठे गेला ते मला ठाऊक नाही. संशय मलाही होते, एक सोडून तीन माणसांवर होते. ती नावं मी नवऱ्यालासुद्धा सांगितली नाहीत. आज त्यांतली दोन माणसं या जगात नाहीत आणि तिसऱ्याने तसं काही केलं नसावं, असं मला आता वाटतं.

तू मला विचारलं नाहीस. एकदाही नाही. सरळ येऊन, “जलजा, तू घेतलास का गं?” म्हणाली असतीस तर मी तुझ्या थोबाडीत मारली असती. तूही मारली असतीस. चार दिवस अबोला झाला असता आणि मिटलं असतं. त्याऐवजी तू दोन महिने गप्प राहिलीस, आणि माघातल्या नेमोत्सवात, सगळं घराणं हात जोडून उभं असताना, पुढे जाऊन गाऱ्हाणं घातलंस. आपल्या घराण्याचा पंजुर्ली माणसाच्या अंगात येऊन तुझ्यासमोर उभा होता, मशालींचा धूर डोळ्यांत जात होता, आणि तू मोठ्याने म्हणालीस, “ज्या हाताने माझ्या आईचा दागिना उचलला, त्या हाताला सुख लागू देऊ नकोस.” नाव घेतलं नाहीस. नाव घ्यायची गरजच नव्हती. पेटी ज्या घरात होती त्या घरात आम्ही दोघंच राहत होतो.

दुसऱ्या दिवसापासून गावात जो तो एकमेकांच्या हातांकडे बघायला लागला. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विळ्याने कापलं, तर त्याने आठवडाभर हात खिशात ठेवून माल विकला.

आणि वैशाखात, ऐन लग्नसराईत, माझा हात दुखायला लागला.

तुला माझा हात आठवतो का? आठशे कळ्यांचा तुझा एक चेंडू बांधून होईपर्यंत माझे दोन होऊन केळीच्या पानात गेलेले असायचे. फुलं नेणाऱ्या एजंटचा माणूस म्हणायचा, “या बाईच्या बोटांत मोटार बसवली आहे हो.” त्या दिवशी सकाळी मी केळीचा धागा ओढून गाठ मारली आणि खांद्याच्या मागून काहीतरी खाली उतरलं, करंगळीशेजारच्या बोटापर्यंत. वाटलं, अवघडला असेल हात. आज चौदा वर्षं झाली, तो अजून अवघडलेलाच आहे. कसं दुखतं ते मी तुला कधी सांगितलं नाही, कारण तू कधी विचारलं नाहीस. हाडाच्या आतून कुणीतरी ओला दोरा ओढून काढतंय, पण दोरा संपतच नाही, तसं. कधी नुसता गार पडतो, विहिरीत बुडवून ठेवल्यासारखा. कधी साडीच्या पदराचंही ओझं होतं. आणि कधी चार दिवस काहीच नसतं. ते चार दिवस सगळ्यांत वाईट, कारण लोक नेमके तेव्हाच येतात आणि मला कळशी उचलताना बघतात. “काल तर उचललीस की!” हे वाक्य मी किती तोंडांतून ऐकलं असेल. तुझ्या तोंडचं वेगळं होतं. तुझ्या नणंदेच्या घरच्या वास्तुशांतीला, पंगतीत, तू म्हणालीस, “आमच्या वहिनीचा हात घड्याळ लावून दुखतो. जेवणं झाली, भांडी पडली, की सुरू.” सगळ्या हसल्या. मीही हसले. डाव्या हातात भाताचं ताट होतं आणि उजवा मी पदराखाली घट्ट धरून ठेवला होता.

मग डॉक्टर. हाडांचा, नसांचा, परत हाडांचा, उडुपीच्या मोठ्या इस्पितळातला, मंगळूरचा. बोगद्यासारख्या यंत्रात मला अर्धा तास निजवलं. नसांमध्ये सुया टोचून वीज सोडली. दर वेळी एक मोठा लिफाफा मिळायचा आणि त्यात इंग्रजी कागद. मी पंचायतीच्या वाचनालयातून शब्दकोश आणून त्या कागदांचा अर्थ लावायला शिकले. इंग्रजीतला मी स्वतः ओळखायला शिकलेला पहिला शब्द ‘नॉर्मल’. एका पानावर तो सात वेळा होता. एक तरुण डॉक्टर म्हणाला, “अम्मा, आनंदाची बातमी आहे, तुम्हाला काही झालेलं नाही.” मी म्हटलं, “मग हा हात तुम्ही घरी घेऊन जा.” तो हसला. मी विनोद केला नव्हता. दुसऱ्याने मनाच्या गोळ्या दिल्या. त्या मी सहा महिने घेतल्या. झोप छान लागायची, पण दुखणं माझ्या आधी उठून बसलेलं असायचं.

तुला हे कुणी सांगितलं नसेल, मी स्वतःही कुणाला सांगितलेलं नाही. त्या यंत्रात निजलेली असताना मी मनात म्हणायचे, गाठ निघू दे. काहीतरी सडलेलं, वाढलेलं, काळं दिसू दे. कापून काढता येईल असं काही. मरायचं असेल तर मरेन, पण कागदावर नाव येऊ दे. लोक बरं निघावं म्हणून नवस करतात, मी वाईट निघावं म्हणून करत होते. कारण दर स्वच्छ रिपोर्टाबरोबर मी इथे जास्त चोर ठरत होते. रेशनच्या रांगेत माझ्या मागे उभी राहून पंजुर्लीचा कारभार बघणाऱ्या गुरिकारांची बायको म्हणाली, “डॉक्टरला कसं सापडेल? ते डॉक्टरचं नाहीच मुळी.” तिने आवाज खाली घेतला नव्हता. इतर कुणाला दुखलं तर लोक औषध सांगतात, गरम तेल आणून देतात. मला या गावाने चौदा वर्षांत एक तेलाची बाटली दिली नाही. ज्याच्या हाताला देवाची शिक्षा आहे त्याला तेल कोण देणार?

तनियप्पाचं सांगते. तुझा भाऊ होता, पण नवरा माझा होता, आणि त्याच्याबद्दल मला जे माहीत आहे ते तुला नाही. इस्पितळातून निघालो की तो स्टँडवर मला गोळीबजे घेऊन द्यायचा, स्वतः खायचा नाही. बसमध्ये तो लिफाफा मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघत राहायचा. संध्याकाळी फुलांच्या रोपांना पाणी सोडून आला की जाडं मीठ तव्यावर भाजायचा, फडक्यात बांधायचा, आणि माझ्या खांद्याला शेक द्यायचा. बोलायचा नाही फारसं. “इथे?” “नाही, वर.” “इथे?” “हं.” आमच्या संसाराचं अर्धं बोलणं एवढंच असेल. मी घेतला का चक्रसर, हे त्याने मला कधी विचारलं नाही. मला वाटायचं, विचारत नाही कारण त्याला खात्री आहे. सगळं गाव एकीकडे आणि तो माझ्याकडे. त्या एका भरवशावर मी माझं हे दुखणं उचलत होते. उजव्या हाताने नाही, त्या भरवशाने.

चौथ्या वर्षी, एका दुपारी, तो जुनं वर्तमानपत्र आणि पेन्सिल घेऊन आला. म्हणाला, “हात पसर जरा.” मी विचारलं, कशाला? तर म्हणाला, डॉक्टरने पट्टा सांगितलाय, मापाने शिवून मिळतो. मी हात कागदावर ठेवला. त्याने पेन्सिल बोटांच्या कडेने हळूहळू फिरवली. मला गुदगुल्या झाल्या, मी हात हलवला, तो रागावला, “नीट धर. माप चुकलं तर उपयोग नाही.” लहानपणी तुमच्या चिकूच्या झाडावरून पडून माझं एक बोट मोडलं होतं, तू खाली उभी राहून बोंब मारली होतीस. ते बोट अजून वाकडं आहे. त्याच्या वाकडेपणापाशी त्याने पेन्सिल थांबवली, आणि पुन्हा एकदा काढलं, बरोबर.

पट्ट्याची मी वाट पाहिली. दोन महिने दर आठवड्याला विचारत होते. म्हणायचा, त्या मापाचा त्यांच्याकडे नाही. मग मी विचारायचं सोडलं.

तो कार्तिकात गेला, पाच वर्षं झाली. मल्लिगेच्या मळ्यात, पंपाशेजारी, पाणी चालू करायला म्हणून खाली बसला तो उठलाच नाही. त्या दिवशीच्या कळ्या मी तशाच झाडावर फुलू दिल्या. आमच्या मळ्यात फुललेली मल्लिगे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली, नाहीतर आपण उमलायच्या आत तोडतो. सगळा मळा पांढरा झाला होता. त्यानंतर केसांत मी फूल घातलेलं नाही. बांधते मात्र रोज.

आणि त्याच्या तेराव्याला तू जे केलंस, ते मी आता लिहिते. तू विसरली असशील. करणारा विसरतो.

पानं उठली होती. तुझी म्हातारी मावशी मला जवळ घेऊन म्हणाली, “कसं होणार गं तुझं, त्यात हा असला हात.” तू न्हाणीपाशी हात धूत होतीस. तिथून, पाणी निथळत, मोठ्याने म्हणालीस, “तिच्या हाताचं काय विचारतेस मावशी? माझ्या भावाने स्वतः तिच्या नावाने पंजुर्लीपुढे चूक कबूल केल्याचा दंड ठेवलाय. चांदीचा हात. गुरिकारांना विचार, खोटं असेल तर.” सगळे जण गुरिकारांकडे, अण्णू मामांकडे, बघायला लागले. अण्णू मामा जमिनीकडे बघायला लागले. मला आधी कळलंच नाही तू काय म्हणालीस. मग एकदम ते वर्तमानपत्र आठवलं. गुदगुल्या आठवल्या.

वसंती, तू मला चोर म्हणालीस ते मी पचवलं होतं. त्या दिवशी तू माझा नवरा दुसऱ्यांदा मारलास.

पुढच्या आठवड्यात मी अण्णू मामांकडे गेले. मला बघायचा आहे, म्हटलं. ते नको नको म्हणत होते, पण शेवटी त्यांनी देवघरातली पेटी उघडली. पातळ पत्र्याचा होता, काळा पडलेला. मी माझा उजवा हात त्याच्यावर ठेवला. बोट आणि बोट जुळलं. वाकडं बोटसुद्धा. सोनाराने काम चांगलं केलं होतं. मी म्हटलं, “हा परत द्या. मी काही केलेलं नाही, हा माझा नाही.” मामा म्हणाले, “पुढे ठेवलेलं परत निघत नाही, जलजा. कबुलीला मागची वाट नसते, तुला ठाऊक आहे.” मी विचारलं, “ठेवताना तो काय म्हणाला?” त्यांनी तो हात पेटीत परत ठेवला. मग म्हणाले, “एवढंच म्हणाला, हिच्याकडून काही झालं असेल तर माफ कर आणि हात सोड. दुसरं काही नाही बोलला. रडत होता.”

झालं असेल तर. म्हणजे त्याला खात्री नव्हती. चार वर्षं मीठ भाजून शेकत होता आणि खात्री नव्हती. बरं, दंड ठेवूनही हात सुटला नाही. मग त्यानंतरची पाच वर्षं शेकताना त्याला काय वाटत होतं? हिने काही केलेलं नाही, मी उगाच हिच्या नावाला डाग लावला, असं? की ही अजून लपवते आहे, म्हणून सुटत नाही, असं? “इथे?” “नाही, वर.” मी त्या प्रत्येक संध्याकाळी परत जाऊन बघते, त्याच्या आवाजात काही होतं का. काही सापडत नाही. तेही नॉर्मल. लोक म्हणतील, चोर असली तरी माझी आहे, म्हणून ठेवला त्याने, किती प्रेम. असेल. मला ते प्रेम नको होतं. मला त्याने एकदा विचारायला हवं होतं. पण गेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, त्याचं भांडण मी तुझ्याशी करते आहे, हे मला कळतं. तू ते सोस. आणि एवढं सगळं असून संध्याकाळी सहा वाजले की खांदा त्याचीच वाट बघतो. ते माझ्या हातात नाही.

मी आता कशी राहते ते तू विचारणार नाहीस, तरी लिहिते. सकाळी सहा ते साडेआठ हात माझा असतो. टोपली स्टुलावर, छातीच्या उंचीला ठेवते, खांदा उचलावा लागत नाही. धाग्याचं एक टोक दातांत धरते, कळ्या डाव्या हाताने लावते, उजव्याला फक्त गाठ मारायला लावते. पूर्वी चेंडू व्हायचा तेवढ्या वेळात आता पाव होतो, पण गाठ सुटत नाही, एजंट अजून घेतो. कळशी नाही, छोट्या तांब्यांनी पाणी भरते, वीस खेपा. दुपारी पुस्तक तांदळाच्या डब्यावर टेकवून वाचते. बरं होण्याची वाट बघणं मी सोडलं तेव्हापासून थोडं बरं आहे. दुखणं घरात राहतं, मीही राहते. फार बोलत नाही आम्ही.

आज गुरुवार. शनिवार परवावर आला. उत्तराकडे येते.

गाऱ्हाणं घालायला मी एकदा गेले होते, खोटं कशाला सांगू. तेराव्यानंतरच्या नेमोत्सवात, रांगेत उभी राहिले, पुढे पोचले, पंजुर्लीने माझ्याकडे मान वळवली. तुझं नाव जिभेवर होतं. काय मागायचं तेही ठरलेलं होतं, वाक्य मी आठ दिवस घोटलं होतं. आणि तोंड उघडल्यावर निघालं ते भलतंच. मी म्हटलं, “यंदा मल्लिगेला कीड फार आहे.” मागचे लोक हसले. मी प्रसाद घेऊन घरी आले. त्यानंतर परत गेले नाही. तेव्हा ऐक, मी तुझ्याविरुद्ध गाऱ्हाणं घातलेलं नाही. ना पंजुर्लीपुढे, ना दुसऱ्या कुठल्या देवाच्या ठाण्यावर, ना मनात. मागे घेण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. त्या दिवशी शर्मिळाने प्रश्न विचारला तेव्हा मी तिला एवढंच विचारलं होतं, का? ती पायरीवर बसून रडायला लागली. अकरा महिने झाले म्हणाली. डाव्या कमरेपासून टाचेपर्यंत आग होते, आईला जेवायला बसता येत नाही, उभ्याने जेवते. दोन इस्पितळं झाली, यंत्रात घालून झालं, सगळं नॉर्मल. तुझ्या घरची माणसं कुजबुजायला लागली आहेत, कुणाचं गाऱ्हाणं लागलं म्हणून. आणि तू सोनाराकडे जाऊन पायाचं माप देऊन आलीस. शनिवारी सगळ्यांसमोर तो चांदीचा पाय ठेवणार आहेस. तो पाय पुढे गेला की घराणं काय म्हणेल ते तुला कळत नाही, इतकी तू दुखण्याने वेडी झाली आहेस, पण मला कळतं. म्हणतील, चक्रसर हिनेच लपवला आणि जलजावर आळ घातला, बघा, पाय कबूल झाला. मी फक्त गप्प बसायचं होतं. चौदा वर्षांत माझं नाव धुऊन निघायची एवढी सोपी वेळ आली नव्हती. शर्मिळा गेल्यावर मी पोटभर जेवले. या पत्राचं पहिलं पान लिहिलं तेव्हा ते नेमोत्सव होऊन गेल्यावर, रविवारी पाठवायचं, असं मी ठरवलं होतं. पण मग रोज दहा ओळी लिहिताना हात दुखत होता, आणि मला दिसायला लागलं की तुझ्या पायाची साक्ष मी खरी मानली, तर माझ्या हाताचीही मानावी लागेल. ते मी मानणार नाही. तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी. म्हणून हे उद्या सकाळच्या फुलांच्या गाडीने येतं आहे, कारकळच्या टोपलीत, वरच्या पानाखाली. तो पाय ठेवू नकोस. ठेवलेलं परत निघत नाही, मी बघून आले आहे. तुला दुखतं हे मला खरं वाटतं, त्याला मला कागद नको. कुशीवर निजताना दोन गुडघ्यांमध्ये उशी घे. जाडं मीठ भाज, फडकं दुहेरी घे, नाहीतर पोळतं. उभ्याने जेवायची लाज बाळगू नकोस, हात फार दुखला की मीही ताट उंचावर ठेवून तशीच जेवते. चांगला दिवस असेल त्या दिवशी कुणासमोर काही उचलू नकोस. आणि इकडे येऊ नकोस, इतक्यात नको. आलीस तर भांडण होईल. झालंच, तर पहिला प्रश्न तू विचार, चौदा वर्षांपूर्वी विचारायचा राहिला तोच.

‘तुझीच’ लिहायला हात वळत नाही, पण दुसरं काही येतही नाही, म्हणून तुझीच,
जलजा